चर्चच्या अंगणात मोहल्ल्याचा नाताळ मेळा: आमचा अनुभव आणि यंदाची तयारी (नागपूर)

चांदणीवाली

जय ख्रिस्त, नमस्कार सगळ्यांना.

थंडी पडली एकदाची. सकाळी स्वेटरशिवाय दूध आणायला निघवत नाही, संत्रा मार्केटकडे टेम्पोच्या रांगा लागून राहिल्या, आणि आमच्या महिला मंडळाच्या ग्रुपवर "मैदा कुठून घ्यायचा" सुरू झालं म्हणजे नाताळ आलाच. आमचं चर्च (मराठी मंडळी आहे, सदरच्या बाजूची, नाव देत नाही) यंदा तिसऱ्यांदा मोहल्ल्यासाठी मेळा करून राहिलं. २५ तारखेची उपासना आमची नेहमीसारखीच होते, हा मेळा त्याच्या आधीच्या शनिवारी संध्याकाळी चर्चच्या अंगणात असतो. पहिल्या वर्षी तो पार फसला, दुसऱ्या वर्षी जमला. का फसला आणि कशानं जमला ते सांगते, कारण बाकी ठिकाणचे लोकही असं काही करून राहिले असतील तर त्यांना कामी येईल आणि मलाही तुमच्याकडून चार गोष्टी कळतील.

पहिल्या वर्षी आम्ही काय केलं, तर गेटवर मोठा बॅनर लावला, "सर्वांचे हार्दिक स्वागत". लायटिंग केली, खुर्च्या मांडल्या, केक कापून ट्रे भरून ठेवले, शब्बाथशाळेच्या लेकरांची नाटिका बसवली. लोक आले, पण गेटपर्यंतच. बाहेर रस्त्यावर उभे राहून पाहात होते, काही जण गाडीवर बसल्याबसल्या फोटो काढत होते. समोरच्या बिल्डिंगमधल्या एक आजी नातवाला घेऊन अगदी गेटच्या आत आल्या आणि विचारलं, "चपला कुठे काढू?" तिथे त्या वेळी आमचं कोणीच नव्हतं, सगळे आत कार्यक्रमात. मी लांबून पाहिलं आणि धावत येईपर्यंत त्या परत फिरल्या होत्या. ती गोष्ट मला अजून लागते. ट्रे भरून ठेवलेला केक शेवटी आम्हीच घरी नेला.

मग जानेवारीत मी आणि मंडळाच्या अजून तिघी, आम्ही फराळाचे उरलेसुरले डबे घेऊन घरोघरी गेलो आणि सरळ विचारलं, तुम्ही आत काहून नाही आले? जे ऐकलं ते आमच्या डोक्यातही नव्हतं. एका काकूंनी म्हटलं, "बाई, बॅनरवर आवतण असते का? घरी येऊन सांगितलं असतं तर आलो असतो." खरंच आहे, लग्नाचं आवतण आपण पोस्टर लावून देतो का? दुसऱ्या घरी म्हणाले, आत गेल्यावर काय करायचं ते माहीत नाही, उभं राहायचं का बसायचं, काही म्हणावं लागते का. कोणाला केकमधल्या अंड्याची अडचण. आणि आमच्या गल्लीतले दूधवाले भाऊ, ज्यांच्याकडे अजून चार गायी आहेत, ते म्हणाले, "ताई, येऊन आम्ही करू काय? खुर्चीवर बसून पाहू नुसतं?"

दुसऱ्या वर्षी आम्ही त्यांच्या ह्या शेवटच्या वाक्यावर सगळा मेळा बांधला.

महिनाभर आधी घरोघर आवतण दिलं, आणि आवतणासोबत प्रत्येक घराला काही ना काही काम विचारलं. पोहेवाल्या भाऊंची गाडी आत अंगणात लावली, तर्री त्यांचीच. भजनी मंडळातल्या एक ताई ढोलकी फार छान वाजवतात, त्यांना आमच्या मराठी नाताळगीतांच्या प्रॅक्टिसला बोलावलं, आणि दोन प्रॅक्टिसमध्ये त्यांनी आमचा ठेका असा काही सुधारला की आमचे ऑर्गन वाजवणारे काका स्वतः म्हणाले, आता ताईंच्या लयीवरच म्हणायचं. लेकरांसाठी चांदणी स्पर्धा ठेवली, आपल्या तान्ह्या पोळ्याला लेकरं कसे लाकडी बैल सजवून आणतात तशीच. बांबूच्या कमच्या आणि पतंगीचे ताव आम्ही दिले, चांदणी घरी करून आणायची. संक्रांत जवळ असल्यामुळे डिसेंबरात इतवारीत ताव चांगले भेटतात. पोट्टे आईबापाला ओढत घेऊन आले.

आणि गव्हाण. आम्ही दरवर्षी थर्माकोलची गव्हाण करायचो, सोनेरी कागद लावून, आत कापूस. दूधवाले भाऊ दुपारी दूध घालायला आले तेव्हा थांबले, वाकून पाहिलं आणि म्हणाले, "ताई, याच्यात गाय तोंड घालन कशी? कड एवढी उंच असते का?" अर्ध्या तासानं ते परत आले, सोबत मुलगा, दोघांनी मिळून घरची जुनी लाकडी गव्हाण उचलून आणलेली. तिची वरची कड गायींच्या मानेनं घासून घासून इतकी गुळगुळीत झाली होती की मी हात फिरवतच राहिले. पोत्यात तुरीचं कुटार (भुसा) होतं. ते त्यांनी आधी पसरलं, मग थोडा वेळ पाहिलं, आणि वरून तणसीचा (धानाच्या पेंढ्याचा) जाड थर दिला. मी विचारलं हे काहून, तर म्हणाले, "लेकरू निजवाचं आहे ना, नुसतं कुटार टोचते त्याले."

मी लहानपणापासून ही गोष्ट ऐकत आले, उतारशाळेत जागा मिळाली नाही म्हणून बाळाला गव्हाणीत निजवलं. पण कुटार टोचते हे मला चाळीस वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. पाळकसाहेबांनी (आमच्या चर्चच्या धर्मगुरूंनी) त्या संध्याकाळी बोलताना ही गोष्ट सांगितली आणि भाऊंना पुढे बोलावलं, ते लाजून मागेच उभे राहिले.

तर यंदाही तसंच करायचं आहे. माझे प्रश्न: स्पीकरचं काय करावं (गेल्या वर्षी तक्रार आली होती), अंड्याचा आणि बिनअंड्याचा केक वेगळा कसा सांभाळावा, आणि ज्येष्ठ लोकांपैकी काहींना अजूनही हा मेळा पटत नाही, त्यांच्याशी कसं बोलावं. लिहा मोकळेपणानं.

बर्डीवाला

लय भारी लिहिलं ताई. ती चपलांची गोष्ट वाचून कसंतरी झालं. आमच्या गणपती मंडळातही हेच होते, नवीन राहायला आलेले लोक बाहेरून दर्शन घेऊन जातात, आत पाय टाकत नाहीत, आणि आपण म्हणतो लोक येतच नाहीत. गेटवर दोन माणसं पूर्ण वेळ पाहिजेत आणि त्यांचं काम फक्त बोलणं. "या काकू, चपला काढायची गरज नाही, इकडून या, लेकराला गव्हाण दाखवा." बस. त्यातला एक तरी मोहल्ल्यातला असला पाहिजे, चर्चचा नसलेला. ओळखीचा चेहरा दिसला का माणूस आत येते.

पार्किंगचं आधीच पाहून ठेवा. सदरकडे शनिवारी संध्याकाळी गाडी लावायला जागा नसते आणि त्यात डिसेंबरात अधिवेशन असते तेव्हा बंदोबस्त, बंद रस्ते, सगळं वेगळंच. आवतण देतानाच सांगा पायी या म्हणून.

शांत_गल्ली

मी त्याच भागात राहते बहुतेक, वर्णनावरून ओळखलं. तक्रार करणाऱ्यांपैकी मी एक. रागानं नाही लिहून राहिली, पण तुम्ही मोकळेपणानं लिहा म्हटलं म्हणून लिहिते. तुमच्या स्टेजचा डावा स्पीकर थेट आमच्या खिडकीकडे होता. माझ्या वडिलांचं त्याच आठवड्यात ऑपरेशन झालं होतं आणि ते रात्रभर तळमळत होते, आवाजानं नाही, दुखण्यानं, पण त्या दोन तासांत मला असं वाटलं की आख्ख्या मोहल्ल्यात आनंद चालू आहे आणि आमच्याकडे कोणाचं लक्ष नाही. आवतण आम्हालाही आलं होतं, ते खरं आहे. पण आवतण देणाऱ्या बाई घाईत होत्या, घरात कोणी आजारी आहे का एवढं विचारलं असतं तर मी सांगितलं असतं.

चांदणीवाली

@शांत_गल्ली, ताई, मनापासून माफी मागते. आवतण द्यायला त्या गल्लीत मीच आले होते आणि मला आठवते, मी दारातूनच परत गेले. बाबा आता कसे आहेत? यंदा स्टेज उलट्या बाजूला, मैदानाच्या भिंतीकडे तोंड करून घेतो, आणि मोठे दोन स्पीकर काढून लहान चार लावतो, म्हणजे आवाज अंगणातच राहील. आवतणाच्या वहीत आता एक रकाना वाढवते: घरात कोणी आजारी, लहान बाळ, परीक्षेचा विद्यार्थी. कॅरलवाली पोरं तुमच्या दारी येतील तेव्हा ढोलकी न वाजवता हळू आवाजात एकच गीत म्हणतील, बाबांना चालणार असेल तरच. नाही तर नुसता डबा देऊन जातील.

शांत_गल्ली

बाबा बरे आहेत आता, काठीनं चालतात. येऊ द्या पोरांना. त्यांना गाणं आवडते.

नियमवाला

स्पीकरबद्दल: रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद, हा ध्वनिप्रदूषणाचा २००० सालचा नियम आहे. सणांसाठी राज्य सरकार १० ते १२ अशी सूट वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस देऊ शकते, पण तुमचा मेळा आधीच्या शनिवारी आहे, त्यामुळे त्या सुटीवर विसंबू नका, साडेनऊलाच आवरा. रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, म्हणजे फार काही नाही, साध्या बोलण्याच्याही जरा खाली. पोलीस स्टेशनचा अर्ज निदान पंधरा दिवस आधी द्या, आणि आधी मिळालेल्या परवानगीची झेरॉक्स जोडा, काम सोपं होते. लायटिंगसाठी घरच्या मीटरवरून वायर ओढू नका, तात्पुरतं कनेक्शन घ्या. पतंगीच्या तावाच्या चांदण्यांत आता लोक मेणबत्ती लावत नाहीत पण तरी सांगतो, फक्त एलईडी, आणि अंगणात दोन बादल्या रेती भरून ठेवा.

इतिहासाचं_वेड

धागा वाचून राहवलं नाही. नागपूरला नाताळ म्हणजे इंग्रजांच्या कॅन्टोन्मेंटची गोष्ट असं बरेच जण समजतात, ते अर्धंच खरं आहे. स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये इथे आले, स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे, तेव्हा नागपुरात भोसल्यांचं राज्य होतं. त्यांनी शाळा काढली, मराठी शिकले, गोंड लोकांची गाणी आणि माहिती गोळा केली, इथल्या दगडांचा आणि जीवाश्मांचा अभ्यास केला, एका खनिजालाही त्यांचं नाव आहे, हिस्लॉपाइट. सप्टेंबर १८६३ मध्ये टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळं पाहून परत येताना पुरात बुडून गेले. हिस्लॉप कॉलेज त्यांच्या नावानं १८८३ मध्ये सुरू झालं. म्हणजे ज्या माणसाच्या नावाचं कॉलेज आपण रोज पाहतो तो बुटीबोरीच्या बाजूला, आपल्याच नदीनाल्यात गेला.

दुसरं. रेव्हरंड नारायण वामन टिळक काही काळ नागपुरात होते, आप्पासाहेब बुटींच्या पदरी. नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेत त्यांना एका गोऱ्या गृहस्थानं बायबलचा नवा करार दिला, तिथून त्यांचा ख्रिस्ती धर्माकडचा प्रवास सुरू झाला. बाप्तिस्मा पुढे मुंबईत झाला, १० फेब्रुवारी १८९५. नंतर त्यांनी ओव्या, अभंग आणि भजनांच्या चालीत जे लिहिलं त्यामुळेच मराठी चर्चमध्ये टाळ आणि ढोलकी शोभतात. तेव्हा भजनी मंडळाच्या ताईंनी ठेका सुधारला यात नवल नाही, ती चाल मुळात त्यांच्याच घरची आहे.

आणि तिसरं, हे नागपूरच्या लोकांनाच माहीत नसते. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, म्हणजे सीएनआय, २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात स्थापन झालं. सहा वेगवेगळ्या चर्च-परंपरा, अँग्लिकन, बॅप्टिस्ट, ब्रदरन, मेथडिस्ट वगैरे, इथे सदरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलच्या आवारात एक झाल्या. तुमच्या मेळ्यात एका कोपऱ्यात ह्या तीन गोष्टींचे जुने फोटो आणि चार ओळी लावा. नागपूरकर माणूस उभं राहून वाचेल.

बर्डीवाला

बाप्पा! सीएनआय इथे सुरू झालं हे मले आज कळलं, जन्म इथे गेला.

कामठीकर_काका

मी कामठीचा, वय ७१, तुमच्या ज्येष्ठांपैकीच एक समजा. माझं मत थोडं वेगळं आहे आणि ते नीट ऐकून घ्यावं ही विनंती. नाताळच्या आधीचे चार रविवार आगमनकाळ असतो. तो मन तयार करण्याचा काळ आहे, उपास, प्रार्थना, जुनं भांडण मिटवणं. आमच्या लहानपणी आगमनकाळात घरात मोठ्यानं रेडिओसुद्धा लावत नसत. २४ च्या रात्री कॅरल पार्टी निघायची, पुढे एक जण पेट्रोमॅक्स घेऊन, आम्ही पोरं गोधडीत गुंडाळलेली, कामठीची थंडी तुम्हाला माहीत आहे, कन्हान नदीवरून वारा यायचा. प्रत्येक घरी दोन गीतं, प्रार्थना, आणि मग करंजी नाही तर गरम चहा. त्या रात्रीची वाट पाहण्यातच सगळा गोडवा होता. आता नोव्हेंबरपासूनच मॉलमध्ये सांता उभा राहतो, आणि चर्चनंही आधीच मेळा केला तर वाट पाहायला उरलं काय? स्टॉल, लकी ड्रॉ, डीजे हे सुरू झालं की येशूचा वाढदिवस आणि बाजार यात फरक राहात नाही. माझा विरोध शेजाऱ्यांना नाही. मोहल्ला आला पाहिजे. पण तो काय पाहायला येतो याचा विचार करा.

चांदणीवाली

@कामठीकर_काका, तुमचं प्रत्येक वाक्य आमच्या कमिटीत बोललं गेलं आहे, आणि मला ते बरोबर वाटते. डीजे आमच्याकडे नाही आणि येणार नाही. सांताही नाही, लेकरांना आम्ही मेंढपाळ करतो, खांद्यावर घोंगडं टाकून. लकी ड्रॉ पहिल्या वर्षी होता, तो बंद केला. स्टॉल आहेत, पण त्याचा पैसा चर्चमध्ये येत नाही, त्यातून आम्ही ब्लँकेट घेतो आणि मेडिकल हॉस्पिटलच्या आवारात पेशंटचे नातेवाईक उघड्यावर झोपतात त्यांना देतो, गेल्या वर्षी मोहल्ल्यातली पोरंच गाड्या घेऊन वाटायला आली. आगमनकाळात बसण्यासारखं काही असेल तर मला वाटते ते हेच आहे.

पण वाट पाहण्याबद्दल तुम्ही जे म्हटलं ते मी उद्या पाळकसाहेबांना सांगणार. गव्हाण मेळ्यात रिकामी ठेवली तर? कुटार, तणस, सगळं मांडलेलं, पण बाळ नाही. बाळ २४ च्या रात्री. म्हणजे ज्याला पाहायचं तो परत येईल.

कामठीकर_काका

हे मला फार आवडलं. रिकामी गव्हाण ठेवा. आणि २४ च्या कॅरल पार्टीला माझा पेट्रोमॅक्स घेऊन या, मेंटल नवीन टाकून देतो. अजून पेटतो.

वसईचा_पोरगा

आमच्या वसईत नाताळच्या गोठ्यांची स्पर्धा असते, गावागावात. माझा अनुभव सांगतो, जिथे गोठा विकत आणतात तिथे लोक एक नजर टाकून पुढे जातात, आणि जिथे गावातल्या म्हाताऱ्यांनी पेंढा आणून, विहीर, रहाट, बैलगाडी सगळं हातानं केलेलं असतं तिथे माणसं अर्धा तास उभी असतात. मुळात गव्हाण मांडायची पद्धतच अशी सुरू झाली. संत फ्रान्सिस असिसीकर यांनी १२२३ मध्ये इटलीतल्या ग्रेचो गावात पहिल्यांदा खरी गव्हाण, खरं गवत, खरा बैल आणि गाढव आणून नाताळ केला, का तर शिकलेल्या-न शिकलेल्या सगळ्यांना ते गरिबीतलं बाळ डोळ्यांनी दिसावं म्हणून. तुमच्या दूधवाल्या भाऊंनी तेच केलं, आठशे वर्षांनी आणि न सांगता. यंदा त्यांना विचारा, एखादी कालवड घेऊन येतील का थोडा वेळ. फक्त लायटिंग आणि स्पीकरपासून लांब बांधा, जनावर बिथरतं.

सुगरण_सदर

केकचं मी सांगते, दरवर्षी करते. अंड्याचा आणि बिनअंड्याचा नुसत्या वेगळ्या ट्रेमध्ये ठेवून भागत नाही, लोक पाहतात सुरी कोणती वापरली ते. बिनअंड्याचं टेबल मोहल्ल्यातल्या एखाद्या शाकाहारी काकूंच्या ताब्यात द्या, भांडी त्यांची, सुरी त्यांची, वाढणार त्याच. मग कोणी विचारतसुद्धा नाही. आणि केकपेक्षा फराळ जास्त ठेवा. करंजी, शंकरपाळे, चकली, चिवडा हे आपल्या मराठी ख्रिस्ती घरातही नाताळला होतेच ना, शेजाऱ्यांना ते पाहून फार बरं वाटते, "अरे हे तर आमचंच!" म्हणतात.

केकमध्ये संत्र्याची साल घालता का? आता आंबिया बहाराची संत्री आलीच आहेत. आपल्या नागपुरी संत्र्याची साल सैल आणि पातळ असते, हातानं सोललं का अख्खी निघते. आतला पांढरा भाग चमच्यानं खरवडून टाकायचा, कडवटपणा सगळा त्यात. मग बारीक काड्या कापून पाण्यात उकळा, पाणी फेका, परत नवीन पाण्यात उकळा, परत फेका. दोनदा पुरते. मग साखरेच्या पाकात मंद आचेवर, काड्या काचेसारख्या दिसायला लागल्या का बंद. ताटात पसरून दोन दिवस वाळवायच्या, एकमेकीला चिकटू द्यायच्या नाहीत. आमच्याकडे अजूनही टिन भरून भट्टीवर नेतात भाजायला, प्रत्येक टिनवर मैद्याच्या चिकीनं नावाची चिठ्ठी. भट्टीवाले चाचा चिठ्ठी न वाचता टिनच्या पोचा पाहून सांगतात कोणाचा केक आहे.

सरळ_प्रश्न

एक विचारू का, वाईट वाटून घेऊ नका. आमच्या घरी आवतण आलं तर माझे सासरे पहिला प्रश्न हाच विचारतील, तिथे धर्मांतराचं काही असते का. पत्रकं वाटतात का, नाव-नंबर लिहून घेतात का. मला स्वतःला यायला आवडेल पण त्यांना काय उत्तर देऊ?

चांदणीवाली

@सरळ_प्रश्न, विचारलं ते फार चांगलं केलं, मनात ठेवून न येण्यापेक्षा हे बरं. आमच्या मेळ्यात पत्रक वाटत नाही, कोणाचा नंबर घेत नाही. लेकरांना स्पर्धेचं बक्षीस म्हणून रंगपेटी देतो. पाळकसाहेब दहा मिनिटं बोलतात, नाताळची गोष्ट सांगतात, ती आमची आहे आणि ती आम्ही लपवत नाही. शेवटी प्रार्थना होते, ज्याला उभं राहायचं तो राहतो, ज्याला पोहे खायचे तो खातो. सासऱ्यांना सांगा, आधी माझ्याकडे चहाला या, मग ठरवा. त्यांना तुमच्यासोबत गेटवर यायचं नसेल तर मी घरी डबा पाठवते, त्यात काही अट नाही.

दीक्षाभूमीजवळ

मी बौद्ध, दीक्षाभूमीजवळ लहानाचा मोठा झालो. तुमचा "काम द्या" वाला मुद्दा मला शंभर टक्के पटला आणि तो कुठून पटला ते सांगतो. १९५६ ला १४ ऑक्टोबरला बाबासाहेबांनी इथे दीक्षा दिली, तेव्हापासून दरवर्षी अशोक विजयादशमीला देशभरातून लाखो लोक येतात. त्या दिवसांत आमच्या गल्लीत घरटी कोणी ना कोणी भोजनदानाला उभं असते. मी दहा वर्षांचा होतो तेव्हा माझं काम होतं ग्लास विसळणे. दिवसभर ग्लास विसळले, हाताची कातडी पांढरी पडली होती, आणि संध्याकाळी एका म्हाताऱ्या बाईंनी, कुठून मराठवाड्यातून पायी आल्या होत्या, माझ्या डोक्यावरून हात फिरवला. त्या दिवसापासून ते माझं झालं. पाहायला गेलो असतो तर झालं नसतं. आमच्या बाजूला पाण्याचा स्टॉल लावणाऱ्यात ख्रिश्चनही होते, मुसलमानही होते, कोणी त्याबद्दल कधी काही बोललं नाही, टँकर आला का नाही एवढंच बोलायचे.

तर सांगायचं असं, यंदा तुमच्या मेळ्यात भांडी विसळायला माणूस कमी असेल तर मी येतो, सोबत दोन पोट्टे आणतो. तसं म्हटलं तर ताटवाट्या घरून आणायला सांगा लोकांना, पत्रावळी आणि प्लास्टिकचे ग्लास नको. कचऱ्याचा ढीग मागे राहिला का मोहल्ला दुसऱ्या दिवशी तेच लक्षात ठेवते.

सरळ_प्रश्न

ताई, सासरे म्हणाले चहाला येतो, पण एक अट. त्यांना बासरी वाजवता येते, पूर्वी भजनात वाजवायचे, तुमच्या ढोलकीवाल्या ताईंसोबत एकदा वाजवून पाहायची आहे.

चांदणीवाली

अहो, आणा त्यांना! गुरुवारी संध्याकाळी सातला प्रॅक्टिस आहे, चर्चच्या मागच्या हॉलमध्ये. पट्टी कोणती आहे बासरीची ते आधी कळवा म्हणजे ऑर्गनवाले काका त्या पट्टीत घेतील.

बाकी ठरलं ते असं. स्टेज मैदानाच्या भिंतीकडे, साडेनऊला सगळं बंद. गेटवर दोघं, एक आमचे, एक मोहल्ल्यातले, @बर्डीवाला भाऊ तुम्ही सुचवलं तर आता तुम्हीच या. गव्हाण रिकामी, बाळ २४ ला. कालवडीचं भाऊंना आज विचारलं, ते म्हणाले गौरी नावाची आहे, सहा महिन्यांची, माणसाळलेली आहे, आणतो, पण तिला थंडी वाजते म्हणून अंगावर झूल टाकावी लागेल. झूल शिवायला महिला मंडळानं घेतली आहे, लाल कापडाची, कोणाकडे काठासाठी जुनी जरीची पट्टी असेल तर सांगा.

रविवारी उपासना संपली का दुपारी दोन वाजता इतवारीत पतंगीचे ताव आणि कमच्या आणायला जाऊन राहिले. पिवळे आणि पांढरे ताव लवकर संपतात. कोणाची मोपेड रिकामी असेल तर सोबत या, कमच्या लांब असतात, एकटीनं धरून बसता येत नाही.

शांत_गल्ली

मी येते. माझी मोपेड आहे. आणि जरीची पट्टी आईच्या पेटीत आहे, काढून ठेवते.